चष्मेवाल्याचा आडपडदा

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे आणि माणसांविषयी माझे मत काही चांगले नाही. माझा जन्म चष्म्याच्या फ्रेमांच्या खोक्यात झाला. चष्मेवाल्याने ते खोके कापून माझ्या तीन घड्या केल्या, बाहेरून एक किल्ला रंगवला (इतका वाकडा, की याच्याकडून चष्मा कोण करून घेतो असा प्रश्न पडावा) आणि दुकानामागच्या खोलीत टेबलावर मला उभे केले.

सुट्टीच्या दुपारी तिथे खेळ चालतो. प्रत्येकाने एक माणूस मनाने रचायचा, त्याचे बळ, अक्कल, खोडी कागदावर लिहायच्या आणि त्याच्या तोंडून बोलायचे. चष्मेवाला गोष्ट सांगतो आणि संकटे आणतो. त्यातून कोण वाचले, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. हा फासा चष्मेवाला माझ्या आड टाकतो. का, तर म्हणे गोष्टीतली गंमत टिकते.

कसली गंमत? खरे कारण त्याचा मेहुणा. हा गृहस्थ विमा विकतो, आणि बोलायला लागला की समोरच्याने सही करूनच सुटका करून घ्यावी. त्याने रचलेला माणूस म्हणजे राजपुत्र. देखणा, अजिंक्य, आणि आईबाप लहानपणीच वारलेले, कारण आईबाप ठेवले की कागद जास्त भरावा लागतो. पाळी कोणाचीही असो, दाराला लाथ हाच मारणार. फासा त्याच्यावर उलटला, की चष्मेवाला धडधडीत खोटा आकडा सांगे. मेहुणा रुसला तर बायको आठवडाभर धड बोलत नाही, एवढ्यासाठी. असल्या भित्र्याला आडोसा देत मी वर्ष काढले.

वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई मात्र कागद दोन्ही बाजूंनी भरून आणत. त्यांनी रचली होती एक म्हातारी नावाडीण. गुडघा दुखरा, जीभ तिखट, आणि पैलतीरावर एक लेक, जिच्याशी दहा वर्षांचा अबोला. त्या दोघींची एकदा गाठ पडावी, एवढेच बाईंना खेळातून हवे होते. त्यासाठी त्या हॉस्पिटलातली ड्यूटी बदलून घेत. अकरा आठवड्यांनी होडी पैलतीराजवळ आली.

आणि तेवढ्यात राजपुत्राने, कोणाला न विचारता, घाटावरच्या राक्षसाला डिवचले. राक्षसाने शिळा उचलली.

"एक ते दहा आले तर राजपुत्र मेला. अकरा ते वीस आले तर नावाडीण," असे म्हणून चष्मेवाल्याने फासा टाकला. तीन आले. मी स्वतः पाहिले.

"सतरा," तो म्हणाला.

का, ठाऊक आहे? बाई भांडणार नाहीत म्हणून. लाज म्हणून काही नाहीच.

"अरेरे," मेहुणा म्हणाला. "बरं भावोजी, मी पुढचं दार फोडतो."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "दादा, तो पुठ्ठा बाजूला करा."

"ताई, खेळाचा काही नियम असतो..."

"वॉर्डात रोज माणसं जाताना बघते मी. म्हातारी खरंच गेली असेल तर गेली. पण मला फासा बघू द्या. नाहीतर आजपासून मी येत नाही."

चष्मेवाल्याचा अंगठा फाशाकडे सरकला. एक टिचकी पुरली असती, आणि माझ्याआड ती कोणाला दिसलीही नसती. पण अंगठा मध्येच थांबला. मग त्याने मला उचलून आडवे केले.

मेहुण्याने आकडा दोनदा वाचला. "मी कसा मरेन? मी राजपुत्र आहे."

"मेलास," चष्मेवाला म्हणाला. "याआधीही सहा वेळा मेला होतास. मीच खोटं बोलत आलो. ताई, होडी काठाला लागली. लेक समोर उभी आहे. बोला."

मेहुणा तरातरा निघून गेला. बाईंनी कागद पुन्हा पुढे ओढला. मग म्हातारीच्या आवाजात हळूच म्हणाल्या, "जेवलीस का?"

त्या दिवसापासून मी कपाटावर पडून आहे. माझी काळजी घ्या, असे मी मुळीच म्हणणार नाही. मित्रांनो, गोष्ट सांगायला बसाल तेव्हा लोकांनी मनापासून रचून आणलेले जीव तुमच्या हाती असतात, ते सांभाळा. आणि माझ्यासारखा पुठ्ठा समोर उभा करावासा वाटला, तर आधी आपण कोणाला घाबरतो ते बघा. मला इथेच धूळ खात पडू द्या.