कोपरावरचा रफू

भोक दिसलं की रफूगारांचे हात शिवशिवायचे. "माझ्या बोलण्यात जरा खंड पडला तर तोही रफू कराल," असं त्यांची बायको म्हणायची. युद्धात सैनिकांनी मारलेल्या साध्यासुध्या माणसांचं स्मृती-संग्रहालय उभं राहिलं आणि त्या माणसांचे कपडे जपायला रफूगारांना बोलावणं आलं, तेव्हा संचालकबाईंनी एकच बजावलं होतं: कपड्यांना कसर लागू द्यायची नाही, बाकी कशाला हात लावायचा नाही.

आणि नेमका तिथेच घोळ झाला. एका लहान मुलाच्या लोकरी कोटाच्या कोपरावर रफू अर्धाच होता, दोरा लोंबत होता. कुणीतरी कामचुकारपणा केलाय, एवढंच त्यांना दिसलं. चाळीस वर्षांची सवय ती! चहा निवायच्या आत त्यांनी रफू पुरा केला, तोही असा, की भोक शोधून सापडू नये. वर स्वतःवरच खूष झाले.

दुसऱ्या दिवशी कोट देणाऱ्या बाई आल्या. सत्तरीच्या होत्या. कोट त्यांच्या धाकट्या भावाचा.

"आई हाच रफू करत बसली होती," त्या संचालकबाईंना सांगत होत्या. "तेवढ्यात शिपाई आले. सगळ्या गल्लीला गिरणीच्या आवारात नेलं आणि गोळ्या घातल्या. भाऊ कोटाशिवायच गेला. मी मावशीकडे होते म्हणून वाचले. परत आले तर हा कोट तसाच अर्धवट रफूसकट घरात पडलेला. आईचं एवढं अर्धं काम तेवढं राहिलं बघा."

रफूगार शेजारीच उभे राहून ऐकत होते. मूग गिळून बसले असते तर कुणाला पत्ता लागणार होता? पण बाई कोपर चाचपत होत्या. मग दुसरी बाही. मग पुन्हा पहिली.

"इथेच होता ना? की मलाच आता नीट आठवत नाही?"

ते मात्र रफूगारांना ऐकवेना.

"ताई, तुम्हाला बरोबर आठवतंय. रफू मी पुरा केला. गाढवपणा झाला माझा."

संचालकबाईंचा चेहरा पडला. बाईंनी कोट रफूगारांपुढे धरला.

"उसवता येईल?"

रफूगार खिडकीपाशी बसले. सुईच्या टोकाने आपला एकेक टाका काढत गेले. तासाभराने थांबले.

"हा आईंचा शेवटचा."

बाई वाकल्या. "तिचा हात कापत होता का हो? तिला आधीच कळलं असेल का? किती घाबरली असेल? साठ वर्षं माझ्या मनातून हेच जात नाही."

खोटा धीर देणं सोपं होतं. पण रफूगारांनी भिंग घेतलं आणि पहिल्यापासून सगळे टाके दोनदा पाहिले.

"नाही, ताई. शेवटचा टाका अगदी पहिल्यासारखा आहे. हात स्थिर होता त्यांचा."

"म्हणजे तोवर ती नुसती रफूच करत होती," बाई म्हणाल्या, आणि त्या टाक्यावर बोट ठेवून हमसून हमसून रडल्या.