चौकटीतली अक्षत

खंडेनवमीला, ज्यावर आपलं काम चालतं त्या प्रत्येक वस्तूला कुंकू लावायचं, हे कमलबाईंना कुणी शिकवलं नव्हतं. ते घरात होतंच. तेर गावाजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत त्या खिचडी शिजवत आणि शाळेच्या किल्ल्याही त्यांच्याकडेच असत. त्या दिवशी सकाळी लवकर येऊन त्यांनी शेगडी पुजली, पातेली पुजली, उलथनं पुजलं. ताटलीत कुंकू आणि अक्षता उरल्या म्हणून वर्गात जाऊन डिजिटल फळ्यालाही पाच बोटं ओढली. उरल्या म्हणून, हे आपलं म्हणायला. खरं तर त्यांना तो फळाच सगळ्यांत आधी पुजायचा होता.

आणि का पुजू नये? दीपमाला मॅडमनी वर्षभर अर्ज करकरून तो आणवला होता. दारापेक्षा रुंद, आणि बोट लावलं की चालणारा. त्यावर पृथ्वी फिरताना दिसे, अर्धी उजेडात, अर्धी अंधारात. आठवड्यातून एकदा तुळजापूरच्या एका शाळेतली पोरं त्यावर भेटत, आणि दोन्हीकडची पोरं एकमेकांना गणितं घालत. कमलबाई उलथनं हातात घेऊन दारात उभ्या राहून बघत. रात्र का होते हे त्यांना पंचावन्नाव्या वर्षी कळलं, आणि त्या दिवशी खिचडी बुडाला लागली. पोरांनी ती कुरकुर न करता खाल्ली.

मॅडमना फळ्यावर एक डाग चालत नाही, हे पूजा झाल्यावर कमलबाईंना आठवलं. त्यांनी पदरानं कुंकू पुसलं, अक्षता झटकल्या आणि कुणाला काही सांगितलं नाही.

दसरा झाला, शाळा भरली आणि फळ्यानं रंग दाखवायला सुरुवात केली. कुणी बोट न लावता तो पानं उलटायचा. पृथ्वी मध्येच नाहीशी व्हायची. गणित मांडलं की त्यावर आपोआप रेघा उमटायच्या. मॅडमनी बंद करून पाहिला, पुसून पाहिला, फोन केले. दुरुस्तीचा माणूस महिन्याभरानं येणार होता, आणि केंद्रप्रमुख मात्र गुरुवारीच. फळा वापरात नसेल तर तो मोठ्या शाळेत हलवू, असं त्यांनी आधीच कळवलं होतं.

कमलबाईंना आपली पूजा आठवली. सांगावं, तर खिचडीचं काम जायचं. शाळा समिती ते दरवर्षी नव्यानं ठरवत असे आणि त्या कामावर डोळा ठेवून असणाऱ्या बायका वस्तीवर काही कमी नव्हत्या. न सांगावं, तर सगळं त्या पोरीच्या माथी. मॅडम त्यांच्या लेकीच्या वयाच्या होत्या. तीन दिवस त्या गप्प राहिल्या, आणि तीन दिवस खिचडीत मीठ कधी दुप्पट पडलं, कधी पडलंच नाही. खोटं पचवायची या बाईला सवयच नव्हती.

गुरुवारी केंद्रप्रमुख वीरप्पा स्वामी आले. माणूस तसा सज्जन, पण फाइल उघडली की चेहरा बदलायचा. त्यांच्यासमोर मॅडमनी पृथ्वी लावली. ती दोनदा फिरली आणि गेली.

"मॅडम, हयगय झाली असं लिहावं लागंल," स्वामी म्हणाले. "फळा इथं ठेवता यायचा न्हाय."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. तेव्हा दारातून कमलबाई आत आल्या. उलथनं हातातच होतं.

"सायब, मॅडमची चूक न्हाय. खंडेनवमीला म्या पूजा केली हुती ह्याची. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. सांगायचा धीर झाला न्हाय. काम काढायचं तर माझं काढा, पर फळा नेऊ नका."

आता मॅडम चिडणार, असं कमलबाईंना वाटलं. पण मॅडम चटकन उठून उभ्या राहिल्या.

"मावशी, अक्षता कुठं टाकल्या? जशी पूजा केली तशी करून दाखवा बरं."

कमलबाईंनी उलथनं बाकावर ठेवलं. वरच्या बाजूला पाच बोटं ओढली आणि रिकाम्या चिमटीनं अक्षता टाकल्या. हात कुठून कुठं गेला ते मॅडम बघत होत्या. मग त्या खाली वाकल्या.

"या चौकटीत एका कडेपासून दुसऱ्या कडेला उजेड जातो, पण आपल्याला दिसत न्हाय. बोट आडवं आलं की फळ्याला कळतं. तांदूळ आडवा आला तरी त्याला बोटच वाटणार, मावशी."

खालच्या पट्टीच्या फटीत एक दाणा रुतून बसला होता, कुंकवानं लाल झालेला. मॅडमचं नख तिथवर पोचेना. कमलबाईंनी बांगडीला अडकवलेली पिन काढून दिली. दाणा निघाला.

पृथ्वी आली आणि फिरत राहिली. तिसऱ्यांदा फिरली, चौथ्यांदा फिरली. पुढच्या बाकावरच्या मोनिकानं विचारलं, "मॅडम, मगाशी कुठं राहिलं हुतं?"

कमलबाईंचे डोळे भरून आले. त्या पदर लावून वळल्या, तर मॅडमनी त्यांचा हात धरला. "पुढच्या खंडेनवमीला मला बोलवा. दोघी मिळून पुजू. कुंकू मागच्या बाजूला लावू."

स्वामींनी काही न लिहिता फाइल मिटली आणि ते व्हरांड्यात गेले. तिथून त्यांचा दबका आवाज वर्गात येत होता. ते ऑफिसात फोन करत होते. "प्रिंटर दुरुस्तीला देऊ नका. दसऱ्यापास्नंच बंद हाय ना? व्हय, म्याच पुजला हुता. थांबा, मी येतो."

मग ते पुन्हा दारात आले. पायात बूट घालून झाले होते, तरी पाऊल निघत नव्हतं.

"मावशी," ते हळूच म्हणाले, "ती पिन तेवढी देता का?"