चकतीवरचं लोखंड

मित्रांनो, मी एक जुना तपासनीस आहे. माणूस नाही, यंत्र. त्यामुळे चहापाण्यानं माझं मत बदलत नाही.

सिलिकॉनची आरशासारखी चकती माझ्या पोटात ठेवतात. पुढे तिच्यावर चिप घडतात. मी तिच्यावर क्ष-किरण इतके तिरपे सोडतो की ते पृष्ठभागाला नुसते चाटून जातात. तिथे चिप बिघडवणारा धातूचा कण असला, तर तो आपल्या खास किरणांनी उत्तर देतो आणि सापडतो. तुम्हाला चकती लख्ख दिसते. मला मात्र चैन पडत नाही. स्वच्छ निघाली तरी वाटतं, नीट पाहिलं ना आपण?

मी नवा होतो तेव्हा पाहुण्यांना आधी मला दाखवत. मग मी दोष दाखवू लागलो आणि पाहुणे दुसऱ्या दारानं जाऊ लागले.

गेल्या आठवड्यात धुऊन आलेल्या एका चकतीवर मला लोखंड दिसलं. त्या मालाच्या चिप दवाखान्यातल्या श्वासयंत्रांत बसणार होत्या आणि माल पाठवायची घाई होती. साहेब म्हणाले, "पुन्हा मोजा." पुन्हा लोखंड. "आणखी एकदा."

"साहेब, कितीदाही मोजलं तरी लोखंड लाजून उठून जाणार नाही," मला चालवणाऱ्या आत्या म्हणाल्या. धुण्याच्या विभागाचा प्रमुख त्यांचा भाचा, म्हणून सगळा कारखाना त्यांना आत्याच म्हणे.

"मग यंत्र म्हातारं झालंय. उद्या भंगारात काढा आणि माल पाठवा."

वजन वाढलं की काटा फेकून देणारी माणसं मी फक्त ऐकली होती. भंगाराची भीती होतीच. पण तो माल गेला असता, तर कुणाचा तरी श्वास मध्येच अडकला असता.

आत्यांनी बंद डब्यातली कोरी चकती थेट माझ्यात ठेवली. काही दिसलं नाही. मग तीच भाच्याच्या आम्लाच्या टाकीत बुडवून, सुकवून परत आणली. लोखंड! म्हणजे खोट माझ्या नजरेत नव्हती, चकतीच्या आंघोळीत होती.

भाच्याच्या तोंडावर मास्क होता, तरी चेहरा पडलेला कळला.

"आत्या, परवा टाकीत स्टीलचा चिमटा पडला होता. लगेच काढला गं. आम्ल बदलत बसलो असतो तर अख्खी पाळी वाया गेली असती."

"लगेच म्हणजे?"

"जेवून आल्यावर." मग हळूच, "बाबांना सांगू नकोस हं."

"घरी नाही सांगत. साहेबांना मात्र तूच सांग. आत्ता. चल, मी शेजारी उभी राहते."

त्यानं सांगितलं. साहेब बराच वेळ माझ्याकडेच बघत राहिले, जणू चिमटा मीच टाकला होता. माल थांबला. मला भंगारात काढायचा हुकूमही थांबला. रद्द झाला की नाही, ते कुणी सांगत नाही.

मित्रांनो, यंत्रांची धूळ पुसा, तेलपाणी करा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझी मागणी थोडी वेगळी आहे. आम्ही नावडतं काही सांगितलं, तर आधी टाकीत डोकावून बघा. आमचं वय मग काढा.