खंडेनवमीची बाकं

दोन हजार तेवीस सालच्या खंडेनवमीला यशवंतपूरच्या शाळेतलं पहिलं बाक सगुणाबाईंनी स्वतः एका बाजूनं उचललं. दुसरी बाजू यल्लाप्पा शिपायानं धरली होती. बाक जुनं, सागवानी, चार पोरं मांडीला मांडी लावून बसतील एवढं लांब. फाटकाबाहेरच्या लॉरीपाशी ते टेकवून यल्लाप्पानं कमरेवर हात ठेवला.

"आज नको म्हटलं होतं की हो मी, बाई. सणाचा दिवस."

"सणाचा आहे म्हणूनच आज."

शहरातल्या मराठी मंडळाच्या तीन शाळा होत्या: जयनगर, हेब्बाळ आणि ही. एके काळी इथं पोरांना जागा पुरत नसे, तिसरीचा वर्ग चिंचेखाली भरत असे. आता वर्गात पोरांपेक्षा पाली जास्त. मास्तरांचे पगार थकले होते. सगुणाबाई इथंच शिकवून म्हाताऱ्या झाल्या आणि शेवटी मंडळाच्या अध्यक्षा. एक शाळा मिटवली नाही तर जूनपर्यंत तिन्ही मिटतील, हे त्यांना दिसत होतं. जयनगरची मान्यता दसऱ्यानंतरच्या तपासणीवर अडली होती. तिथं बाकं हवी होती आणि नवी घ्यायला पैसा नव्हता.

त्यांचा होरा साधा होता. बाजारातले मराठे हमाल याच शाळेत शिकलेले. दर खंडेनवमीला पोत्यात रुतवायचे लोखंडी आकडे ते शाळेच्या व्हरांड्यात देवीपुढे मांडत. हळदकुंकू वाहिलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना कुणी शिवत नसे. त्या दिवशी कुणाच्या हाती लोखंड नसणार. चार शब्द बोलतील आणि लॉरी निघून जाईल. माणूस हातांची पूजा करत नाही, ते मोकळेच राहतात, हे बाईंच्या ध्यानात आलं नाही.

बाकं जवळजवळ सगळी चढली तेव्हा हमालांचा मुकादम विठोजी आला. मागं पंधरा-वीस माणसं. त्याच्या खांद्यावर फाटकाशी फोडायचा कोहळा होता, आत कुंकू कालवलेला.

"अक्का, सणाला घर रिकामं करताय? कुणी मेलंय काय?"

"शाळा जयनगरला जाते आहे, विठोजी."

"माझ्या बापानं या भिंतीला विटा वाहिल्यात. फुकट."

"ठाऊक आहे मला. तुझी रक्षिता कुठल्या शाळेत जाते?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. विठोजीची लेक इंग्रजी शाळेच्या पिवळ्या व्हॅननं जाते, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. विठोजीचा चेहरा काळवंडला. त्यानं कोहळा दोन्ही हातांनी वर नेला आणि लॉरीच्या काचेवर आपटला. काच फुटली. आतला ड्रायव्हर भीमसेन सीटखाली वाकला, आणि लाल पाणी बॉनेटवरून खाली ओघळलं.

मग कुणाला धरबंध राहिला नाही. माणसं लॉरीवर चढली, बाकं खाली फेकू लागली. एका बाकाचा पाय निखळला, तो कुणीतरी यल्लाप्पाच्या कपाळात घातला. सगुणाबाईंच्या गालावर दगड बसला. तोंडात खारट चव आली. जिभेला दाताचा तुकडा लागला. आवारात रक्त कुठलं आणि कुंकू कुठलं, ते कळेना. यल्लाप्पा पडल्या पडल्या विठोजीच्या पायाला बिलगला.

"सोड."

"बाईंना हात लावायचं नाही, अण्णा."

विठोजीनं त्याला लाथेनं झटकलं, तरी तो सुटेना. तेव्हा विठोजी व्हरांड्याकडे वाकला, देवीपुढचा एक आकडा उचलला आणि यल्लाप्पाच्या उजव्या खांद्यात रुतवला.

माणसं जागच्या जागी थांबली. फुटलेल्या कपाळासाठी कुणी थांबलं नव्हतं. त्या आकड्याच्या मुठीवर झेंडूची पाकळी चिकटलेली होती.

"पूजेतला उचलला," कुणीतरी हळू म्हणालं.

आणि सगळे विठोजीवर पडले. आधी बुक्क्या, मग लाथा, मग बाकांच्या फळ्या. तो एकदा ओरडला, नंतर फक्त फळीचा आवाज येत राहिला. कुणीतरी त्याचा आकडा उचललेला हात पायरीवर धरला आणि दुसऱ्यानं त्यावर फळी मारली.

सगुणाबाई सगळ्यांना नावानिशी ओळखत होत्या. वर्गात कितीही गोंधळ असो, त्यांनी 'हात बांधा' म्हटलं की पोरं चिडीचूप होत. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, यल्लाप्पाला काखेत धरून लॉरीत चढवलं आणि पलीकडून भीमसेनच्या खिडकीशी गेल्या.

"गाडी काढ. आधी याला इस्पितळात, मग जयनगर."

"बाई," यल्लाप्पा म्हणाला, "मारतील की हो त्याला."

त्यांनी दार लोटलं. लॉरी बाजाराच्या वळणाआड जाईपर्यंत त्या माणसांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मग वळल्या.

"हात बांधा."

फळ्या खाली पडल्या.

पोलिसांना कुणी कुणाचं नाव सांगितलं नाही. लॉरीत उरलेल्या बाकांवर जयनगरची मान्यता राहिली. हेब्बाळलाही पगार सुरू झाले. यशवंतपूरची इमारत मोकळीच आहे, व्हरांड्यात भाजीवाले बसतात. भीमसेननं लॉरी विकून रिक्षा घेतली. यल्लाप्पाचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तो जयनगरच्या शाळेत डाव्या हातानं घंटा देतो. विठोजीच्या उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. मुकादमकी गेली. व्हॅनचं भाडं परवडेना तेव्हा रक्षिताला त्यानं जयनगरला घातलं.

तिला न्यायला येतो तेव्हा तो ऑफिसात डोकावतो. कुणी नवे पालक बसलेले असले की त्यांना सांगतो, "मेलोच होतो मी. बाईंच्या एका शब्दानं थांबले सगळे."

सगुणाबाई चष्मा पुसत राहतात. लॉरी निघेपर्यंत तो शब्द आला नव्हता, हे यल्लाप्पाला ठाऊक आहे. तो तिथं असला तर पालकांपुढचे रिकामे पेले गोळा करतो, आणि बाईंचा तेवढा राहू देतो.