एका नकाराच्या चौदा प्रती

थोरल्या बहिणीला जाऊन तीन महिने झाले होते. खर्च परत मिळण्यासाठी ऑफिसात प्रत द्यायची म्हणून भाऊजींनी तिची दवाखान्याची फाईल धाकटीच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवली, तीही न चाळता. घरचंच दुकान, त्यात काय बघायचं! शिवाय रविवारी धाकटीचं त्यांच्याशीच लग्न ठरायचं होतं. घरातलं घरात राहील म्हणून दोन्हीकडची वडीलमंडळी खूश होती. धाकटीला विचारायची तसदी मात्र कुणी घेतली नव्हती.

काचेवर नववा कागद ठेवताना तिचा हात थांबला. अंडाशयाचा कर्करोग, एकाच बाजूला, अगदी सुरुवातीचा. डॉक्टरीणबाईंनी सोप्या भाषेत लिहिलं होतं: रोगट अंडाशय काढावं, दुसरं राखता येईल, पुढे मूल होण्याची आशा राहील. त्याखाली भाऊजींचं वळणदार अक्षर आणि सही. ‘शस्त्रक्रियेस नकार. पत्नीला आजार सांगू नये.’ रुग्णाच्या सहीची जागा कोरी होती.

थोरलीला आणि धाकटीलाही सांगण्यात आलं होतं, साधी सूज आहे, औषधाने जिरेल. बिचारी आठ महिने गोळ्या गिळत राहिली. पोट फुगलं तेव्हा सासूने तिला आळशी ठरवलं. पुन्हा दवाखान्यात नेलं तोवर रोग सगळीकडे पसरला होता.

धाकटीच्या अंगाची लाही लाही झाली. तिने त्या एकाच कागदाच्या चौदा प्रती काढल्या आणि रविवारी जमलेल्या प्रत्येकाच्या हातात एकेक ठेवली.

भाऊजींचं तोंड उतरलं. आत्या पुटपुटली, झालं गेलं, आता उकरून काय उपयोग.

“तिला का सांगितलं नाहीत?” धाकटीने भाऊजींना विचारलं.

“अर्धी बाई घेऊन मी काय करणार होतो?” ते बोलून गेले.

“म्हणून आता अख्खी हवीय? ऐका. माझा नकार आहे. आणि तुम्ही जिथे जिथे मुलगी बघायला जाल, तिथे तुमच्याआधी हा कागद पोचेल. मी पोचवीन.”

भाऊजी चवताळून उठले. म्हणाले, मला एकट्याला कशाला बोलतेस, तुझ्या वडिलांना विचारूनच सही केली होती.

धाकटीने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. जावयाच्या शब्दाबाहेर कसं जायचं, असं काहीसं म्हणाले आणि हातातला कागद तिला परत देऊ लागले.

तिने तो घेतला नाही.

“तुमच्याजवळच ठेवा, बाबा,” ती म्हणाली. “रोज वाचा.”