चिमाबाईच्या मूत्रपिंडावर बसलेली मी

मित्रांनो, मी एक जुनी अधिवृक्क ग्रंथी आहे. नाव अवघड, पण त्याला माझा इलाज नाही. चाकणच्या चिमाबाईच्या उजव्या मूत्रपिंडावर मी टोपीसारखी बसते, डाव्यावर माझी बहीण. दोघी बोटाच्या पेरांएवढ्या, पण आमच्यावाचून बाईचं पान हलत नाही.

माझ्या आतल्या पेशी ॲड्रेनलिन करतात. कांद्याच्या बाजारात ट्रक मागे आला आणि चिमाबाई टुणकन बाजूला झाली, ती त्यांच्या जोरावर. मज्जातंतूचा इशारा आला की क्षणात माल रक्तात. बाहेरच्या पेशींचं काम सावकाश. मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी सांगावा धाडते, मग त्या रक्तातल्या कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉल घडवतात. आजार, जखम, उपास, काहीही येवो, कॉर्टिसॉल रक्तदाब आणि साखर सावरून धरतं.

कांदा निवडताना धूळ छातीत जाऊन चिमाबाईला दमा जडला. १९७४ साली डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली, गुणही आला. पण त्या गोळीत माझ्या कॉर्टिसॉलसारखाच माल! रक्त त्या मालानं भरलेलं पाहून पीयूषिकेनं सांगावाच बंद केला. वर्षभर मला कुणी विचारलं नाही. बसून बसून माझ्या बाहेरच्या पेशी सुकल्या.

नवरात्र बसलं. सून शालन गोळी घेऊन पुढे आली.

"आत्याबाई, रोज घ्यायला सांगितलीया."

"उपासाच्या तोंडात गोळी? आता कुठं धाप लागतीया मला? तूच खा, तेवढीच तुझी जीभ थांबंल."

चौथ्या माळेला चिमाबाईला ओकाऱ्या झाल्या, अंग गार पडलं, उठली ती कोसळली. माझ्या आतल्या पेशी जीव तोडून राबत होत्या, पण एकट्या किती पुरणार? गोळीतला माल संपला होता, आणि तो घडवायला बाहेरच्यांत त्राणच नव्हतं.

दवाखान्यात ती पुटपुटली, "उपासाची भोवळ हाय. अंगारा लावा."

शालननं पहिल्यांदाच सासूचं बोलणं तोडलं आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "न्हाई बाई, आत्याबाईंनी घटापासनं गोळीच बंद केलीया."

त्या एका वाक्यानं जीव वाचला. लगेच सलाईन लागलं, शिरेतून तेच औषध गेलं. मग गोळी सुरू झाली, आणि डॉक्टरीणबाईंनी ती महिन्यामहिन्यानं कमी करत नेली. तसा मला सांगावा येऊ लागला, पेशी कामाला लागल्या.

पुढच्या नवरात्रात पाव गोळी उरली होती. चिमाबाईनं घटासमोर बसूनच हात पुढे केला.

"आन गं. देवीला मी सांगते काय सांगायचं ते."

मित्रांनो, घरात कुणाला अशी गोळी रोज चालू असेल, तर मनानं बंद करू देऊ नका. डॉक्टरांना विचारा. वर्षभर निजवलेलीला एका सकाळी हाक मारून कामाला जुंपता येत नाही.