गालावरची लाल रेघ

भागीरथेच्या नवऱ्याचं नाव प्रभाकर, पण ते तिनं आजवर एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, तेही नणंदेनं चिमटा काढल्यावर. आणि ही त्यांच्या वर्गातली कोकिळा घरापुढच्या छपरीत पाय ठेवायच्या आधीच फाटकातून ओरडायची, "ए प्रभाकर, जबडा काढून ठेवला काय?"

जबडा म्हणजे माणसाचा. खराखुरा, पिवळा पडलेला, दोन दाढा शाबूत.

नागपूरला दातांच्या डॉक्टरीचं पहिलं वर्ष करताना दोघांचंही शरीररचनेचं प्रॅक्टिकल राहिलं होतं. दिवाळीच्या आधी फेरपरीक्षा. कोकिळा केळझरची, पण तिचे मामा इथं आर्वीतच, मागच्या गल्लीत राहात. म्हणून उजळणीला रोज इकडे. "राहिलं" हा शब्द भागीरथेच्या सासूबाई, देवकाबाई, घराबाहेर जाऊ देत नसत. शेजारच्या मंदाबाईंनी विचारलं की सांगत, "जास्तीचा अभ्यास देल्ला त्याईले." शिवाय हाडं छपरीतून पुढे घरात यायची नाहीत, असा त्यांचा कायदा. त्यामुळे कवटी, जबडा आणि अभ्यास, तिन्ही रस्त्याच्या कडेला.

भागीरथा सातवी पास. जबड्याचा तिला राग नव्हता. खरं सांगायचं तर थोडा होता. नवरा सुटीत घरी आला तरी दिवसा दोघांत बोलणं व्हायचं ते "पाणी दे" आणि "टॉवेल कुठं आहे" एवढंच. आणि त्या जबड्यावरून मात्र भर उन्हात, चारचौघांदेखत तासन्‌तास बोट फिरवणं चाले. पण हाड ते हाड, त्याचं काय मनावर घ्यायचं? मनावर घ्यावं असं काही दिसलं ते पुढच्या सोमवारी.

ती चहा घेऊन छपरीत आली तर कोकिळा खुर्चीत हनुवटी वर करून बसलेली, आणि हे तिच्या गालावर लाल पेन्सिलीनं रेघ ओढत होते. रेघ जबड्याच्या कडेवरून निघाली, ओठांच्या कोपऱ्याजवळून वर चढली, नाकाच्या बाजूनं जाऊन डोळ्याच्या कोपऱ्यात थांबली. हात जरासुद्धा हलत नव्हता. सासूबाई समोर सुपात तूर निवडत होत्या. परक्या पोरीच्या गालाला मुलाचा हात, आणि यांना खडे दिसताहेत!

"हे काय होऊन राह्यलं जी?" भागीरथेचा आवाज जरा वरच लागला.

"रक्ताची नस आहे वहिनी," कोकिळा ओठ न हलवता म्हणाली. "आतून कुठून जाते ते वरून काढून दाखवा लागते परीक्षेत."

"अन् ते तुमच्याच गालातून जाते काय?"

"साऱ्याइच्याच जाते."

"माह्या बी?"

हे खोकले. सासूबाई म्हणाल्या, "चहा ठेव अन् जाय. अभ्यास होऊन राह्यला त्याईचा."

ती गेली. चुलीपाशी बसून तिनं स्वतःच्या गालावर बोट फिरवून पाहिलं: जबडा, ओठ, डोळा. नस कुठं लागली नाही. पुढचे दिवस कोकिळेच्या चहात तिनं साखर मोजकीच टाकली. कोकिळा म्हणाली, "वहिनी, चहा एक नंबर! आमची मामी नुसता पाक करते," आणि आणखी अर्धा कप मागून घेतला.

शुक्रवारी कोकिळेनं गालावरची रेघ पुसता पुसता म्हटलं, "प्रभाकर, तुले माह्याच तोंडाची सवय झाली. मागच्या बारी परीक्षेत तो गालफुगा माणूस बसवला, अन् तुही नस निघाली कानाकडे. दुसरं तोंड पाहिजे तुले."

माह्याच तोंडाची सवय! दारात उभ्या भागीरथेनं हातातला ट्रे खाली ठेवला.

"माह्यावर काढा."

सासूबाईंचा सुपातला हात थांबला. "तुह्यावर? छपरीत? रस्त्यानं लोकं जातेत, बाई!"

"पुन्हा राहिलं त मंदाबाईले काय सांगान, आत्याबाई?"

देवकाबाईंनी यावर बराच विचार केला. मग म्हणाल्या, "बस. पण खुर्ची भिंतीकडे फिरव."

भागीरथा बसली, पदर कानामागं सारला. यांनी पेन्सिल उचलली, ठेवली, परत उचलली. "दात आवळ," ते म्हणाले. दिवसाउजेडी पाणी आणि टॉवेल सोडून तिच्याशी बोललेले हे पहिले शब्द. तिनं दात आवळले. यांचं बोट जबड्याच्या कडेवर नस चाचपू लागलं. रेघ निघाली आणि ओठापाशीच तुटली. ओल्या फडक्यानं पुसली. दुसरी नाकापर्यंत पोचली आणि घसरली.

कोकिळा वाकून पाहायला लागली. "नस नागमोडी असते हे खरं, पण इतकी? हात काऊन कापून राह्यला तुहा?"

"माय समोर आहे न."

"घ्या बाप्पा, मी चालली," म्हणत देवकाबाई सूप घेऊन आत गेल्या.

तिसरी रेघ तर ओठापर्यंतही गेली नाही. यांच्या कपाळाला घाम आला होता, आणि पेन्सिलीचं टोक तिच्या गालावर नुसतं टकटक वाजल्यासारखं लागत होतं. कोकिळेच्या गालावर हाच हात कसा दगडासारखा स्थिर होता! तोच स्थिरपणा चार दिवस तिला सलत होता. भागीरथेनं हळूच वर पाहिलं. यांनी नजर चुकवली; कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"वहिनीवर जमत नाई तुले," कोकिळेनं निकाल दिला.

"नाई जमत," ते म्हणाले.

भागीरथा उठली. डोक्यावर पदर घेतला आणि स्वतःच्या हातानं खुर्ची परत रस्त्याकडे फिरवली. "तुमीच बसा वो कोकिळाताई. आमचं तोंड काही कामाचं नाई."

कोकिळा बसली. यांच्या बोटांनी तिची हनुवटी वर केली तेव्हा भागीरथेला बारीकसं खुपलंच. नाही असं नाही. ती आत गेली आणि पीठ मळायला बसली. थोड्या वेळानं तिथूनच तिनं विचारलं, "आली काय नीट?"

"एकदम बरोबर, वहिनी!" बाहेरून कोकिळा ओरडली. "जरा बी हात हालला नाई!"

"बरं झालं," भागीरथा म्हणाली, आणि तिला ते खरंच बरं वाटलं.

देवकाबाईंनी सुपातून मान वर केली. "तोंड धू आधी. गालभर लाल करून बसली."

"भाकरी होऊ द्या न, आत्याबाई," भागीरथा म्हणाली, आणि तिनं पिठाचा दुसरा गोळा हातात घेतला.